पाच चिठ्ठ्या, दहा सरासऱ्या

पुणे,
१४ जुलै

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. तू लिहितोस, पहिल्या वर्षाची मुलं केंद्रीय सीमा प्रमेयाचं (मोठ्या नमुन्यांच्या सरासऱ्यांचं वितरण घंटेच्या आकाराकडे, म्हणजे 'नॉर्मल'कडे, झुकतं, या नियमाचं) सूत्र पाठ करतात, गणितंही सोडवतात, आणि तरी उत्तरपत्रिकेत लिहितात की 'नमुना मोठा घेतला की आकडे नॉर्मल होतात'. मला वाटतं, घोटाळा शिकवण्याच्या क्रमात आहे. प्रमेय आधी येतं, आणि ते कशाबद्दल बोलतंय ते चित्र मुलांनी पाहिलेलंच नसतं. समज, एखाद्या गावातल्या जमिनी विषम आहेत: बहुतेकांकडे थोडी, एखाद्याकडे खूप. हजार घरं मोजली तरी त्या तितक्याच विषम दिसणार. आकार बदलतो तो सरासऱ्यांच्या वितरणाचा.

म्हणून पहिल्या तासाची सुरुवात सूत्राशिवाय कर. पाच चिठ्ठ्या कर: पाच घरांची जमीन, १, २, ३, ४ आणि १५ एकर. सरासरी ५. आता दोन-दोन घरांचे सगळे नमुने मुलांनाच लिहू दे. दहा होतात. त्यांच्या सरासऱ्या १.५, २, २.५, २.५, ३, ३.५ आणि मग एकदम ८, ८.५, ९, ९.५. बेरीज ५०, म्हणजे सरासऱ्यांची सरासरी पुन्हा ५. पण ५ च्या आसपास एकही नमुना नाही! सहा खाली, चार वर, मध्ये मोकळं रान. १५ एकरवाला नमुन्यात आला की सरासरी उडी मारते. हे दोन ढिगांचं चित्र म्हणजेच सँपलिंग डिस्ट्रिब्यूशन, सगळ्या शक्य नमुन्यांच्या सरासऱ्यांचं वितरण. दोनच घरांच्या नमुन्यात ते घंटेसारखं का दिसत नाही, हे इथे डोळ्यांनी कळतं.

याच दहा आकड्यांवर विचरणही (सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी) काढून घे. मूळ पाच आकड्यांचं विचरण २६ (अंतरांच्या वर्गांची बेरीज १३०, भागिले ५). सूत्राप्रमाणे सरासरीचं विचरण म्हणजे मूळ विचरण भागिले नमुन्याचा आकार: २६ भागिले २, म्हणजे १३ यायला हवं. दहा सरासऱ्यांचं प्रत्यक्षात ९.७५ येतं. वर्गातलं कुणीतरी हे विचारेलच, आणि विचारलं तर तास सार्थकी लागला समज. चिठ्ठी परत न टाकता काढली म्हणून (५ − २) भागिले (५ − १), म्हणजे पाऊण, हा गुणक लागतो. १३ चा पाऊण ९.७५. चिठ्ठी परत टाकून काढली तर क्रमासह २५ नमुने होतात आणि विचरण बरोबर १३ येतं. लाखभर घरांतून शंभर काढली तर हा गुणक १ ला इतका चिकटतो की पुस्तकं तो सोडून देतात. एक जपायचं: इथे ५ ने आणि १० नेच भागायचं. कॅल्क्युलेटरवर एक वजा करून भागणारं बटण दाबलं गेलं तर काहीच जुळत नाही आणि मुलांचा विश्वास उडतो.

दुसरा तास संगणकावर. स्प्रेडशीटच्या एका चौकटीत =-LN(1-RAND())*10 असं सूत्र लिही. त्यातून उजवीकडे लांब शेपूट असलेले आकडे मिळतात. सरासरी १०, प्रमाण विचलनही (विचरणाचं वर्गमूळ) १०. ते ३० कॉलम आणि १००० ओळींत ओढ. एकतिसाव्या कॉलममध्ये प्रत्येक ओळीची सरासरी. मग सगळं कॉपी करून फक्त किमती चिकटव, नाहीतर प्रत्येक एंटरला आकडे बदलतात आणि शेजारच्या दोघांचं उत्तर कधीच पडताळता येत नाही. दोन आलेख काढायचे, एक मूळ आकड्यांचा, एक सरासऱ्यांचा, पण आडव्या अक्षावर मोजपट्टी एकच ठेवायची. अक्ष आपोआप ठरू दिला तर दोन्ही सारखेच रुंद दिसतात आणि सगळा मुद्दाच हरवतो. एकतिसाव्या कॉलमचं प्रमाण विचलन १.८३ च्या आसपास येईल: १० भागिले ३० चं वर्गमूळ.

इथेच सगळ्यात मोठा गोंधळ होतो, म्हणून इथे थांब. ३० हा नमुन्याचा आकार. १००० ही फक्त पुनरावृत्ती. ओळी १०,००० केल्या तर आलेख गुळगुळीत होतो, अरुंद होत नाही. अरुंद व्हायला कॉलम वाढवावे लागतात, आणि रुंदी निम्मी करायला ३० चे १२० करावे लागतात. खऱ्या पाहणीत आपल्या हाती एकच ओळ असते. तिचंच प्रमाण विचलन घेऊन आपण स्टँडर्ड एररचा, म्हणजे सरासऱ्यांच्या प्रमाण विचलनाचा, अंदाज बांधतो, हेही त्याच पत्रकावर दाखवता येतं.

नावाचंही सांग. गणितज्ञ द मॉयव्हरने १७३३ मध्ये नाणेफेकीसाठी हे प्रमेय दाखवलं, लाप्लासने १८१० मध्ये व्यापक केलं. 'केंद्रीय' हे विशेषण गणितज्ञ पोल्याने १९२० मध्ये दिलं, संभाव्यताशास्त्रातलं मध्यवर्ती महत्त्व म्हणून. वितरणाच्या मध्याशी त्याचा संबंध नाही.

आणि '३० पुरेत' हे वाक्य फळ्यावर लिहू नकोस. शंभरात एखाद्यालाच असणारी गोष्ट मोजायची असेल तर ३० जणांच्या सुमारे ७४ टक्के नमुन्यांत ती सापडतच नाही (०.९९ चा तिसावा घात). त्या आलेखावर शून्याशी एक उंच खांब उभा राहतो, घंटा कुठली! सरासरीची विषमता (वितरण एका बाजूला किती कलतं, त्याचं माप) नमुन्याच्या आकाराच्या वर्गमुळानेच कमी होते: स्प्रेडशीटच्या उदाहरणात मूळची २, तिसांवर ०.३७, शंभरावर ०.२. कॉशी वितरणात (ज्याच्या शेपट्या फारच जाड असतात) तर सरासरी कितीही जणांची घ्या, पसारा तोच. तिथे विचरण मर्यादित नाही, म्हणून प्रमेयच लागू नाही.

शेवटचा तास पांडुरंग सुखात्म्यांच्या कामावर घे, ही माझी आग्रहाची विनंती. साताऱ्याकडच्या बुध गावचा हा संख्याशास्त्रज्ञ. पीक कापणीच्या पाहण्यांत (शेताच्या एका तुकड्यातलं पीक कापून उत्पादनाचा अंदाज करतात) लहान तुकडे उत्पादन फुगवून दाखवतात, हे त्यांनी १९४६-४७ च्या सुमारास मांडलं. कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, या निर्णयात मोजणाऱ्याचा हात आतल्या बाजूला झुकतो. १ मीटर बाजूच्या चौकोनात दर चौरस मीटरमागे ४ मीटर कड असते, १० मीटरच्या चौकोनात ०.४ मीटर. असे लहान तुकडे शंभराचे दहा हजार केले तर स्टँडर्ड एरर दहापट घटेल, पण आलेख चुकीच्याच आकड्याभोवती अरुंद होत जाईल. मुलांना ४ आणि ०.४ हा हिशेब स्वतः करू दे.

चिठ्ठ्यांचा तास झाला की दोन ढिगांच्या चित्राखाली मुलांनी काय कारण लिहिलं, ते मला कळव. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
जुना वर्गमित्र