कुंभार्ली घाटात भेटलेल्या मेकॅनिकदादांचे आभार

रविवारी पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढताना गाडीचा तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. सोबत आजारी आई. मी रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच दुचाकीवरून आलेल्या दादांनी हात धरला. "थांबा ताई, वाफेनं भाजाल!"

त्यांनी पाइप चाचपले. इंजिन तापलेलं, रेडिएटर मात्र गार, म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) बंद स्थितीतच अडकलेला. गाडी निवल्यावर तो काढून टपरीवरच्या उकळत्या पाण्यात टाकला. ८०-९० अंशांना उघडायला हवा, पण हललाच नाही. चिपळूणला जाऊन नवा आणला, बसवला, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) भरून त्यात अडकलेली हवा काढली.

चिपळूणला निघण्याआधी आईच्या तोंडावर ऊन येतंय पाहून स्वतःचं जॅकेट काचेला लावून गेले होते. पैसे फक्त सामानाचे घेतले. दादा, तुमचं नाव विचारायचं राहिलं. आई रोज तुमची आठवण काढते.