कुपवाडच्या लेथवाल्या काकांना

काका, नमस्कार.

परवा गडबडीत नीट बोलणं झालं नाही म्हणून हे लिहितोय, आणि सगळ्यांसमोर लिहितोय कारण आपल्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये एमआरआय रिसर्चचं काम होतं हे सांगलीतल्याच लोकांना माहीत नाही.

मला मनगटाच्या एमआरआयसाठी कॉइल, म्हणजे मनगटाभोवती बसून शरीरातला सिग्नल पकडणारी अँटेना, बनवायची होती. दीड टेस्लाच्या मशीनमध्ये शरीरातल्या पाण्याचा हायड्रोजन साधारण 64 मेगाहर्ट्झला सिग्नल देतो, कॉइल बरोबर तिथंच ट्यून व्हावी लागते आणि आसपास लोखंडाचा कणसुद्धा चालत नाही. कॉइल जिच्यावर बसते ती नळी आधी दुसरीकडनं करून आणली होती, तिच्यामुळं इमेजमध्ये काळा डाग यायचा आणि मी दोन महिने सॉफ्टवेअरमध्येच चूक शोधत बसलो होतो. तुम्ही जुन्या स्पीकरचं मॅग्नेट काढलंत, एकेक स्क्रू त्याला लावून बघितलात, आणि पितळी म्हणून घेतलेला एक टक्कन चिकटला. "ह्ये पितळ न्हवं, वरनं नुसता मुलामा हाय."

नवीन नळी करायच्या आधी तुम्ही लेथचा बेड, चक, सगळं पुसून काढलंत, तासभर तरी गेला असेल, का तर लोखंडाचा कीस प्लास्टिकमध्ये रुतला की परत तोच डाग. हे मी सांगितलं नव्हतं हो, तुम्हीच ओळखलंत.

आणि माळ्यावर दादा! हात आत घातला की फ्रिक्वेन्सी सरकते म्हणून त्यानं स्वतःचं मनगट कॉइलमध्ये ठेवलं आणि मी एक कपॅसिटर काढ, दुसरा सोल्डर कर असं करत राहिलो, रात्रीचे साडेदहा झाले तरी तो हलला नाही. टेस्टिंगला हाताऐवजी पाण्याची बाटली ठेवतात, त्या पाण्यात मोरचूद घालतात, त्यानं सिग्नल लवकर सावरतो आणि स्कॅनला वेळ कमी लागतो, हे ऐकून काकू म्हणाल्या, "आमच्या तासगावला द्राक्षावर मारत्यात त्येच की!" आणि माहेरच्या बागेतनं पुडी मागवून दिली. त्याच मोरचुदावर पहिली टेस्ट झाली काका.

डाग गेला. मनगटातली आठही हाडं वेगवेगळी दिसतायत, मधल्या नसेसकट. तुम्ही घेतले फक्त मटेरियलचे पैसे.

इमेजची मोठी प्रिंट काढलीय, रविवारी घेऊन येतो. अजून दोन नळ्या लागणारेत, पण ह्या वेळी मजुरी पूर्ण घ्यायची, नाहीतर मी ड्रॉइंग दाखवणार नाही.

तुमचा,
कॉइलवाला पोरगा