आमचं मळ्यातलं घर पेटवणाऱ्या पोरांचे जाहीर आभार

पोरांनो, घर जाळल्याबद्दल कसले आभार मानताय असं लोक विचारतील, विचारू देत.

ते घर २०१९ च्या पुरात खचलं आणि २०२१ ला पंचगंगेनं उरलंसुरलं पण नेलं. पांढऱ्या मातीच्या भिंती, लोंबकळणाऱ्या तुळया, आणि वस्तीवरची बारकी पोरं आत खेळायला जायची म्हणून आमचा जीव टांगणीला. पाडायला मदत मागितली तर ह्या टेबलावरनं त्या टेबलावर. त्याआधी तारेच्या ठिणगीनं ऊस पेटला तेव्हा पण फोनवर "गाडी निघालीय" एवढंच, गाडी आली तोवर फड जळून गेलेला, भावकीनं हिरव्या फांद्यांनी झोडपून शेजारचा ऊस वाचवला. ज्यांचं ते कामच आहे ते धड बोलले पण नाहीत, आणि तुम्ही नोकरी-कॉलेज सांभाळून, पगार नाही भत्ता नाही, आपणहून विचारत आलात की घर पाडायचंच आहे तर ते पेटवून आग विझवायला शिकायला द्याल का.

पण मला खरं लिहायचंय ते बुटांबद्दल. पेटवायच्या आधी तुमच्यातली एक पोरगी माझ्या आईबरोबर घर बघायला आत निघाली, अंगात तो जाडजूड कोट, पाठीवर हवेचा सिलेंडर, आणि उंबऱ्याशी थांबून ती बूट काढायला लागली. आई म्हणाली, "राहू दे गं, आता काय राहिलंय त्यात." तर म्हणते, "अजून घरच आहे की, आज्जी." आई तिथंच रडली. सासू-सासरे गेले तेव्हापासून त्या देवळीत दिवा लावणारी बाई ती, पूर येऊन गेल्यापासून तिला एवढ्या मायेनं त्या घराबद्दल कोणी बोललंच नव्हतं. मग चूल कुठं होती ते विचारून ती खोली तुम्ही सगळ्यात शेवटी पेटवलीत, हे आमच्या लक्षात आलंय बरं का.

तुमच्या रिटायर्ड सरांचं पण कौतुक, एकेकच खोली, नुसतं पाचट आणि लाकडं, रॉकेल-पेट्रोलचा थेंब नाही, आणि पाण्याचा पाईप भरून तयार असल्याशिवाय काडी ओढू दिली नाही. आगीपेक्षा धुरानं जास्त माणसं जातात, खाली वाकून रांगत बाहेर या, बंद दार उघडायच्या आधी हाताच्या मागच्या बाजूनं तापलंय का बघा, हे त्यांनी आमच्या बायकांना पण शिकवलं.

८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती, शाहू महाराजांनी उभं केलेलं ते थिएटर जळताना लोक नुसते रडत उभे होते. त्या रात्रीच तुमच्यातल्या काहींनी हे शिकायचं ठरवलं म्हणे. अशी माणसं आपल्या कोल्हापुरात आहेत, याचा लई अभिमान वाटतो.

तुमच्या पाईपचे जॉइंट गळत होते ते मी बघितलंय. भावकीनं वर्गणी काढलीय, नवीन पाईप घ्यायचा, नाही म्हणू नका. पुढच्या सरावाला पाणी आमच्या विहिरीचं, आणि जेवण आईच्या हातचं, त्या पोरीला नक्की घेऊन या.