तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
सा. न.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणत जिना चढायला लागता. म्हणून हे पत्र, आणि तेही मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं.

गणपतीच्या तोंडावर माझा ओव्हन रुसला होता. लावल्यावर वीसेक मिनिटांत शिट्टी वाजायची, पडद्यावर 'एफ-३' हा बिघाडाचा कोड यायचा आणि सगळं बंद. कंपनीचा मुलगा तापमानाचा सेन्सर बदलून गेला. चार दिवस बरे गेले, पुन्हा एफ-३. मग कंपनीनं फोनवर सांगितलं, आतला इलेक्ट्रॉनिक बोर्डच बदला, चौदा हजार. नानकटाईच्या सगळ्या ऑर्डरी त्या एका ओव्हनवर. मी पैसे भरणारच होते.

तुम्ही आलात आणि कोडचं सोडून आधी विचारलंत, "केक कसे होतायत?" महिनाभर ते मधे ओलसर राहत होते आणि मी मैद्याला दोष देत होते. तुम्ही नुसती मान हलवलीत. प्लग काढलात, एमसीबीचा, म्हणजे वीज तोडणारा, खटका पाडलात, ओव्हन कपाटातून बाहेर ओढलात आणि मीटर लावलात.

तुम्ही समजावलेलं मी वहीत लिहून ठेवलंय. या सेन्सरचा विजेला होणारा रोध शून्य अंशाला १००० ओहम, पुढे दर अंशाला साधारण ३.८५ नं वाढतो. त्या दिवशी स्वयंपाकघरात ३० अंश होते, सेन्सरवर १११७ आले. म्हणजे सेन्सर ठणठणीत. पण तीच तार बोर्डाच्या टोकाला मोजली तर १२०० आणि जरा हलवली की आकडा उड्या मारायचा. वरचे ८३ ओहम म्हणजे ओव्हनला स्वतःचं तापमान वीस-बावीस अंशांनी जास्त वाटत होतं. मी १८० लावायची, आत १६० सुद्धा होत नव्हते. केक कच्चा राहणार नाही तर काय!

दोष मधल्या जोडात होता. पितळी टोकांवर हिरवट थर. "कल्हई उडालेल्या पातेल्यात आमटी कळकते ना, तसंच हे. मुंबईची खारी हवा," म्हणालात. गोदीत उभी हयात गेलेल्या माणसाला ते लगेच दिसलं. तापल्यावर तो जोड सुटायचा आणि कोड यायचा. सेन्सर बदलताना तोच जोड काढून परत दाबला गेला, म्हणून ते चार दिवस बरे गेले. मी त्या मुलावर चिडले तेव्हा मात्र तुम्ही मला थांबवलंत. "त्यानं थंड ओव्हनमध्ये फक्त सेन्सर मोजला, त्यात त्याला चूक दिसलीच नसती." तेही मला शिकण्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भर पावसात लॅमिंग्टन रोडला जाऊन तुम्ही चिनीमातीचा कनेक्टर आणि उष्णता सोसणारी तार आणलीत. मी सोल्डरचं, म्हणजे धातू वितळवून तार जोडण्याचं, विचारलं, तर म्हणालात, साधं सोल्डर १८३ अंशांना पाघळायला लागतं, ओव्हनच्या पाठीमागे ते नको. आणि टोकं पक्कडीनं घट्ट दाबून बसवलीत. बोर्डाकडून पुन्हा मोजलंत: १११७.

सामानाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. १११७ हा आकडा तुमच्याच अक्षरात कपाटाच्या दारावर चिकटवलाय, पुढे कोणी दुरुस्तीला आलं तर त्याला आधी तो दाखवीन. गणपतीच्या सगळ्या ऑर्डरी वेळेवर गेल्या. काकूंना साखर चालत नाही हे लक्षात आहे. उद्या संध्याकाळी त्यांच्यासाठी नाचणीची बिस्किटं घेऊन वर येते. तेवढी मात्र घ्याच.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची