आजीच्या वाटीचं माप लावून देणाऱ्या काकूंना

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

नागपूर जिल्ह्यातल्या काटोलच्या आजीच्या वहीतला संत्र्याचा केक अखेर जमला, आणि त्याचं श्रेय तुमचं. पत्र अनावृत लिहितोय, कारण तुम्ही सांगितलेलं एकाच घरात राहिलं तर वाया जाईल. 'वाटी' म्हणजे कोणती वाटी हे न लिहिलेली अशी एखादी वही बऱ्याच घरांत असते.

पहिले आभार वाटीचेच. वहीत होतं ते असं: मैदा सव्वादोन वाट्या, साखर वाटीभर आणि वर थोडी, रस सव्वा वाटी, तेल अर्धी वाटी, दही दोन मोठे चमचे, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, सोडा चार चिमटी. अंडं नाही. तुम्ही आधी ती जुनी वाटीच मागवून घेतलीत, काट्यावर ठेवलीत आणि काठोकाठ पाणी भरलंत. पाणी १६० ग्रॅम भरलं, म्हणजे वाटी १६० मिलीची. मग कोडं सुटलंच: मैदा १९० ग्रॅम, साखर १५०, रस २०० मिली, तेल ८० मिली, दही ३० ग्रॅम. मैदा चाळून हलक्या हाताने भरला तर या वाटीत साधारण ८५ ग्रॅम बसतो, ठोकून भरला तर शंभराच्या पुढे जातो. घट्ट आणि कोरड्या केकचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

बाजारात मिळणारा मापाचा कप २४० मिलीचा. त्याने मोजलं की सगळं दीडपट होतं आणि भांडं मात्र तेच सात इंची राहतं. कडा करपतात, मध्ये कच्चं राहतं, बाहेर काढल्यावर पोट खाली बसतं. बोल मात्र बिचाऱ्या सोड्याला.

आता कडूपणा. नागपुरी संत्र्याच्या रसाचा कडूपणा ही रस काढणाऱ्या कारखान्यांचीही जुनी डोकेदुखी आहे. तो नुसता सालीतून येतो असं नाही, हे तुमच्यामुळे कळलं. फोडीच्या पातळ पापुद्र्यात, पांढऱ्या शिरांत आणि बियांत एक घटक असतो. अख्ख्या फळात तो कडू नसतो. रस काढला की रसातल्या आंबटपणामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन होतं, आणि लिमोनिन कडूजहर. म्हणून काढल्या काढल्या गोड लागणारा रस तीन-चार तासांनी कडवट लागतो, आणि तापवला तर आणखी लवकर. मिक्सरमध्ये फिरवला की बिया फुटतात, पापुद्रे भरडले जातात. मग तर बोलायलाच नको.

आजीच्या ज्या गोष्टी आम्हा नातवंडांना नुसता सोवळेपणा वाटायच्या, त्यांचा अर्थ इथे लागला. संत्री हातानेच पिळायची, तीही बाकी सगळं मोजून तयार झाल्यावर. रस मलमलच्या फडक्यातून गाळायचा, पण फडकं पिळायचं नाही. पितळी पातेल्याला रस लावायचा नाही, चिनी मातीच्या बरणीतच धरायचा. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट रस कळकतो, हे तिला ठाऊक होतं. लिमोनिन हा शब्द तिने ऐकलाही नसेल.

सालीबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते तर कुठल्याच पाककृतीत लिहिलेलं नसतं. केकला संत्र्याची चव रसापेक्षा सालीतल्या तेलाने येते. पण नागपुरी संत्र्याची साल सैल, फळापासून सुटलेली. किसणीवर ती दबते, घसरते आणि पांढरा भागही सोबत खरवडला जातो. म्हणून संत्री अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायची, साल ताठ होते. बारीक किसणीवर अख्खं फळ एका जागी एकदाच, हलकेच फिरवायचं. नारिंगी रंग गेला की पुढची जागा. सोलल्यावर किसायला जाऊ नये, बोटंच किसली जातात. दूरच्या बाजारात जाणाऱ्या फळांना मेणाचा थर दिलेला असतो, तेव्हा आधी कोमट पाण्यात घासून धुवून कोरडी करावीत. दोन संत्र्यांचा कीस पुरतो. तो पिठात न टाकता साखरेत टाकून बोटांनी दोन मिनिटं चोळायचा. साखर ओलसर होते, पिवळसर दिसते आणि वास स्वयंपाकघरभर होतो. आजी संत्रं थेट खडीसाखरेवर घासायची. काम तेच, किसणी नसल्याचा तो इलाज.

सोड्याचा हिशेबही तुमचाच. चार चिमटी म्हणजे सपाट अर्धा छोटा चमचा. २०० मिली रस आणि दोन चमचे दही यांच्यातला आंबटपणा जवळजवळ तेवढाच सोडा खपवतो. संत्री फारच गोड असतील तर सोडा उरतो आणि केकला साबणासारखी चव येते, रंगही तपकिरी होतो. अशा वेळी सोडा कमी करण्यापेक्षा रसात एक छोटा चमचा लिंबू पिळणं सोपं. त्याचीच दुसरी बाजू अशी की सोडा आंबटपणा खाऊन टाकतो, त्यामुळे कितीही रस घातला तरी केक आंबटगोड लागत नाही. ती चव हवी असेल तर वरून द्यावी: ६० ग्रॅम पिठीसाखरेत दोन-तीन छोटे चमचे ताजा रस कालवून गार केकवर ओतायचा. रस उकळायचा नाही; का ते वर आलंच आहे.

ओलं आणि कोरडं वेगवेगळं तयार ठेवावं, कोरड्यात पाव छोटा चमचा मीठ. एकत्र केल्यावर जेमतेम पीठ दिसेनासं होईपर्यंत ढवळावं. फेटत बसलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि कापल्यावर आत बोगदे दिसतात. मिश्रण भांड्यात ओतून लगेच भाजायला जायला हवं. दहा मिनिटं कट्ट्यावर राहिलं तर बुडबुडे निघून जातात आणि मागाहून काही फुगत नाही. फोडी आत घालायचा मोह टाळावा. त्या तळाशी बसतात, पाणी सोडतात आणि खाली गिच्च थर होतो.

भाजण्याबद्दल थोडक्यात. ओव्हन १८० अंशांवर पंधरा मिनिटं तापवून, मग ३५ ते ४० मिनिटं. कुकर असेल तर शिट्टी आणि रिंग काढून, तळाला दीड वाटी मीठ किंवा वाळू, वर जाळी. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवून मग मंद आचेवर ४५ ते ५० मिनिटं. पहिली २५ मिनिटं झाकण उघडू नये. कुकरमधल्या केकचा माथा फिका राहतो, कारण वरून आच नसते. आजीच्या केकला वरून जो खरपूस रंग असायचा तो झाकणावर ठेवलेल्या निखाऱ्यांचा; खाली शेगडीवर वाळूचं पातेलं आणि वर निखारे. झाला की नाही हे ती खराट्याच्या काडीने बघायची. (धुतलेल्या, असं ती सांगायची.) काडी कोरडी निघावी, कडा भांड्यापासून सुटलेल्या असाव्यात.

आणि एक शंका तुम्ही जाता जाता फेडलीत. दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत आजीकडे संत्र्याचा केक, पण मे महिन्यात नेहमी लिंबाचा, असं का? आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळा सरताना आलेल्या फुलोऱ्याची फळं ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत उतरतात, मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, फेब्रुवारी ते एप्रिल. मेमध्ये काटोलच्या झाडावर पिकलेलं संत्रं मिळणार कुठून! वहीत लिंबाच्या केकचं वेगळं पान नाही, कारण फरक एवढाच: २०० मिली रसाऐवजी ३० मिली लिंबाचा रस आणि १७० मिली पाणी, किसायला दोन लिंबं, बाकी सगळं तसंच. सोड्याचा हिशेब तेवढ्यातही बसतो, हे तुम्ही आकडे मांडून दाखवलंत.

सोबत डबा पाठवतोय. आजच भाजलाय, पण उद्या सकाळपर्यंत उघडू नका. सालीचं तेल मुरायला एक रात्र लागते. थंडीत बाहेर दोन दिवस टिकेल, नंतर फ्रीजमध्ये. वाटी तुमच्याकडेच राहिली आहे. लिंबाच्या केकचं माप पुन्हा एकदा तपासून झालं की मगच परत द्या.

आपली,
काटोलच्या आजीची नातवंडं