संगणकावाचून चाललेलं घर

चिपळूण,
१८ जानेवारी

प्रिय शुभा,
सप्रेम नमस्कार.

तुझं लांबलचक पत्र पोचलं. घरचा संगणक आता टाकायचा का, आणि टाकला तर माझ्यासारखं फोन-टॅबवर निभेल का, असं विचारलंस. बरं केलंस. या विषयावर मनापासून बोलायला मला कुणी मिळत नाही. पोरांना वाटतं संगणक लागतोच कशाला, आणि आपल्या वयाच्या माणसांना वाटतं फोनवर कसलं खरं काम होणार. दोन्हीकडे अर्धंच खरं आहे.

आधी तुझ्या दुकानदाराचं. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर सुरक्षेचे नेहमीचे अपडेट मिळत नाहीत, हे तो खरं सांगतो. वर्षभराची मुदतवाढ घेता येते, पण ती नुसती मुदतवाढच. साधारण २०१७ च्या आधीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, हेही खरं. मात्र त्यावरून तो ‘मग हा भंगारातच द्या’ म्हणतो ना, ते ऐकू नकोस. त्यावर शेवटी येते.

माझा संगणक गेला तो पुरात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत आणि आमच्या आळीत शिरलं तेव्हा तो मधल्या खोलीत टेबलाखाली होता. पहाटे पाणी एवढ्या वेगाने चढलं की आईला वरच्या मजल्यावर न्यायचं, औषधं घ्यायची, यापुढे काही सुचलंच नाही. पाणी ओसरल्यावर खालचं सगळं घर चिखलाने भरलं होतं. कॅबिनेट उघडला तर आतही तोच चिखल, पंख्याच्या पात्यांपासून हार्ड डिस्कच्या पट्टीपर्यंत. गावात कुणाचं काय गेलं ते तू तेव्हा बातम्यांत पाहिलंसच. लोटिस्मा म्हणजे १८६४ पासूनचं वाचनालय, त्याची पुस्तकं २००५ च्या पुरात भिजली होती, ती या पुरात पुन्हा भिजली. त्यापुढे माझ्या एका यंत्राचं दुःख मोठं नव्हतं. पण त्यात बाबांचे शेवटच्या वर्षांतले फोटो होते, आणि त्यांची हस्तलिखितं मी टाइप करत होते ती अर्धी वही होती. ती अजून आठवते.

त्या दिवसांत फोननेही काही चमत्कार केला नाही, हे लिहायलाच हवं. वीज नाही, टॉवर बंद. फोन म्हणजे नुसती विजेरी, तीही चार्जिंग असेपर्यंत. रेंज आली तेव्हा मात्र त्याचं मोल कळलं. पंचनाम्यासाठी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो काढले ते फोननेच. विम्याचे कागद भिजून लगदा झाले होते, पण पॉलिसीची प्रत ईमेलमध्ये होती. भावाचं लायसन्स आणि गाडीचं आरसी बुक डिजिलॉकरमधून उतरवलं. शेजारच्या काकूंचं आधार कार्ड सापडेना, त्यांना माझ्याच फोनवर ई-आधार काढून दिलं. आळीतल्या कितीतरी जणांनी तेव्हा पहिल्यांदाच अशा कागदांना हात लावला. संगणक घ्यायला पैसे नव्हते, आणि भिंती वाळेपर्यंत ठेवायला कोरडी जागाही नव्हती. म्हणून फोनवर राहिलो. पुढे घेता आला असता तेव्हाही घ्यावासा वाटला नाही.

तुझा खरा प्रश्न माझ्या कामाचा आहे, म्हणून ते नीट सांगते. मुद्रितशोधन, म्हणजे छापण्याआधी प्रूफं तपासणं, फोनवर होत नाही. मी प्रयत्न केला आणि सोडला. सहा इंचांच्या पडद्यावर पान मोठं करून वाचायला गेलं की ओळ पडद्याबाहेर जाते, डोळा पुढच्या ओळीवर येईपर्यंत मागचा शब्द निसटतो, आणि नेमका तिथेच अनुस्वार राहतो. अकरा इंची टॅब आणि पेन घेतल्यावर काम सुरू झालं. प्रकाशक पीडीएफ पाठवतात, मी त्यावरच पेनाने पूर्वीसारख्या समासात खुणा करते. पाय मोडायचा राहिला, रफार चुकीच्या अक्षरावर गेला, वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ झाली, हे सगळं हाताने. खरं सांगू? संगणकावर माऊसने या खुणा करण्यापेक्षा हे मला जास्त जमतं. हाताला कागदावरची सवय होतीच.

अडतं ते मूळ प्रत आणि प्रूफ शेजारी-शेजारी लावून ताडून पाहताना. टॅबवर पडदा दुभागता येतो, पण दोन्ही पानं अरुंद होतात. मी मूळ प्रत फोनवर उघडून स्टँडवर ठेवते आणि प्रूफ टॅबवर. चालतं. मोठ्या मॉनिटरवर जसं सुखाने चालायचं तसं मात्र नाही, आणि मोठं पुस्तक असेल तर मी सरळ मूळ प्रतीची प्रिंट काढून आणते.

दुसरी अडचण फॉन्टची. तुला श्रीलिपी आणि आयएसएम या मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरचे दिवस आठवत असतील. त्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षराचं नुसतं चित्र असायचं, आत कोड इंग्रजी अक्षराचा. तो फॉन्ट ज्या यंत्रात नाही तिथे फाइल उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फोनमध्ये तर ते फॉन्ट नसतातच. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, ‘क’ चा ०९१५, म्हणून तो मजकूर तुझ्या फोनवर, माझ्या टॅबवर, कुठेही तसाच वाचता येतो. मी आता प्रत्येक लेखकाला युनिकोडमध्येच लिहा म्हणून विनवते. माझ्या सोयीपेक्षा मोठी गोष्ट आहे ती: जुन्या फॉन्टमधलं लेखन आणखी काही वर्षांनी त्यांच्या नातवंडांना उघडताच येणार नाही. तुझ्या कवितांच्या फाइली कशात आहेत? जुन्या फॉन्टमध्ये असतील तर संगणक चालू आहे तोवरच त्या बदलून घे. बाकी काही केलं नाहीस तरी चालेल, एवढं कर.

लिहिण्याचं विचारलंस. लहान मजकूर मी पडद्यावरच्या कीबोर्डवर टाइप करते. लांब असेल तर ब्लूटूथ कीबोर्ड जोडते. त्यावर छापलंय इंग्रजी, पण बोटांना इन्स्क्रिप्ट ही मराठी अक्षरांची कीबोर्डवरची मांडणी पाठ आहे. तू घेशील तेव्हा दुकानातच स्वतःच्या टॅबला जोडून मराठी लेआउट लागतं का ते पाहा, ‘दुसऱ्या’ मधला ऱ शिफ्ट दाबून ‘जे’ च्या बटणावर येतो का तेही तपास. आणि बोलून लिहिणं! २०१७ पासून गूगलवर मराठीत बोलून लिहिता येतं. आई आता ऐंशीच्या पुढे आहे, तिचे डोळे अधू झालेत. ती फोन हातात धरून मावशीला पत्रं ‘सांगते’. विरामचिन्हं मला मागून घालावी लागतात, गावांची आणि माणसांची नावं दुरुस्त करावी लागतात. पण आयुष्यात कधी टाइप न केलेली बाई स्वतःच्या शब्दांत स्वतःचं पत्र पाठवते. टेबलावरचा तो संगणक इतकी वर्षं घरात होता, आईने त्याला धूळ पुसण्यापलीकडे हात लावला नव्हता.

म्हणूनच ‘फक्त फोन आहे बिचाऱ्यांकडे’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागात शंभरातल्या चार-साडेचार घरांतच संगणक होता, शहरांत तेवीस-चोवीस घरांत. बाकीच्यांनी संगणक सोडून फोन धरला नाही, त्यांच्या घरात संगणक आलाच नव्हता. त्यांच्यासाठी फोन हेच पहिलं यंत्र. आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या मावशींनी क्यूआर कोड लावलाय, पैसे आले की फोन मोठ्याने सांगतो. आमच्या बचत गटाचा हिशोब एक जण फोनवरच्या शीटमध्ये ठेवते, आणि तो चोख असतो. भाऊ सातबाऱ्यावर पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवरून करतो, शेतात उभा राहून फोटो काढून. ही सोय राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासूनची, म्हणजे आमच्या पुरानंतर महिन्याच्या आत आलेली. ही सगळी माणसं यंत्रापाशी पोचलीत, आणि त्यांना हिणवणाऱ्यांपेक्षा ती त्याचा उपयोग जास्त करतात.

तरी एका गोष्टीची मला काळजी वाटते, आणि या पत्रात मला मुख्य तीच सांगायची आहे. संगणकावर बसणाऱ्याला आपली फाइल कुठे आहे ते ठाऊक असायचं. फोल्डर करायचं, नाव द्यायचं, ठेवायचं, हे पहिल्या आठवड्यातच शिकावं लागे. फोन ते शिकवत नाही. फोटो गॅलरीत दिसतो, कागद व्हॉट्सॲपमध्ये दिसतो, आणि माणसाला वाटतं तो तिथेच राहणार. आळीतल्या मुलांना मी प्रकल्पासाठी मदत करते. हुशार पोरं, पण ‘ती फाइल मला दे’ म्हटलं की स्क्रीनशॉट पाठवतात. फाइल ही वेगळी, आपल्या मालकीची वस्तू आहे, ती एका ठिकाणाहून दुसरीकडे ठेवता येते, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. फोन बदलला, हरवला, मेमरी भरली म्हणून काही पुसलं, की सगळं जातं. पूर लागत नाही त्याला.

तेव्हा तू फोन-टॅबवर यायचं ठरवलंस तर पहिल्या दिवशीच ‘फाइल्स’ ॲप उघड आणि घरचे कागद, कविता, बँक, औषधोपचार असे फोल्डर कर. आलेली प्रत्येक कामाची फाइल नाव बदलून तिथे हलव. कागदांचे फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवू नकोस, ते आकाराने लहान होतात आणि अक्षर पुसट येतं, डॉक्युमेंट म्हणून पाठव. गूगलची मोफत जागा १५ जीबी, तीही मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून, आणि १ जून २०२१ नंतर चढवलेले फोटो त्यात मोजले जातात. म्हणून सगळं त्याच्यावर सोडू नकोस. ओटीजीचा पेनड्राइव्ह मिळतो, थेट फोनला लागतो. मी महिन्याच्या महिन्याला त्यावर नक्कल घेते आणि दुसरी नक्कल भावाकडे डोंगरावरच्या घरी ठेवते, नदीपासून लांब. फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, *#०६# दाबून काढ आणि वहीत पेनाने लिहून ठेव. फोन चोरीला गेला तर संचार साथी या सरकारी पोर्टलवरून तो बंद करून घ्यायला हाच क्रमांक लागतो. बँक, ओटीपी, ओळखपत्रं, सगळं एकाच खिशात आलंय आपल्या, त्याचं भान राहू दे.

आता तुझ्या लेकीचं. तिच्यासाठी मात्र मी फोन पुरेल असं म्हणणार नाही. तिला वाणिज्य शाखेला जायचंय, टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर शिकायचंय, शासकीय टायपिंगची परीक्षा द्यायचीय. ती परीक्षा संगणकावरच होते आणि वेगासाठी खरा कीबोर्ड रोज हाताखाली लागतो. मोठी शीट, दहा-बारा रकाने, सूत्रं, हे बोटाने सरकवत शिकणं म्हणजे त्या विषयाचीच नावड लावून घेणं. शिवाय मुलांनी एखादं यंत्र उघडून, बिघडवून, पुन्हा लावून पाहावं. फोन सीलबंद असतो, तो हे करू देत नाही. माझ्या भाच्याने आमच्या त्याच संगणकात रॅम बसवायला शिकून घेतलं होतं. आज तो तेच काम करून पोट भरतो.

म्हणून माझं मत सांगते, पटलं तर बघ. तुझ्यापुरता चांगला टॅब आणि कीबोर्ड घे. जुना संगणक लेकीच्या खोलीत जाऊ दे आणि त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली चढव. ते फुकट मिळतं, जुन्या यंत्रावर चालतं, त्याला अपडेट येत राहतात, आणि त्यात युनिकोड मराठी लिहिता येतं. लिब्रेऑफिस, म्हणजे लिहिण्याचं आणि शीटचं सॉफ्टवेअर, त्याच्यासोबतच येतं, शीट शिकायला ते पुष्कळ आहे. टॅली मात्र विंडोजची आहे, ती क्लासमध्येच करू दे तिला. चढवण्याआधी तुझ्या सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर काढून घे, कारण नवं चढवताना डिस्क पुसली जाऊ शकते.

भाचा पुढच्या महिन्यात कामासाठी नागपूरला येणार आहे. त्याला तुझ्याकडे पाठवते, अर्ध्या दिवसाचं काम आहे. तोवर एवढं कर: संगणक चालू करून त्याची रॅम किती आणि डिस्क किती जीबीची ते पाहून मला कळव, आणि कवितांची एखादी फाइल मेलवर पाठव. कोणता फॉन्ट आहे ते मी इथे बघते, म्हणजे बदलायचं साधन तो सोबत घेऊनच येईल. आईने तुला आशीर्वाद सांगितलेत. ती स्वतःही तुला पत्र सांगणार आहे म्हणते.

तुझी,
अलका