‘अजून नको’ म्हणणाऱ्या मामांना

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही “बरं, ठेव आता, टाकीतलं पाणी वर आलंय” म्हणून फोन ठेवता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत, म्हणजे मध्येच ठेवता येणार नाही.

मालवणला स्नॉर्केलिंग करून आल्यावर माझ्या डोक्यात समुद्र शिरला होता. खानापुरात, घाटाच्या वरच्या अंगाला, घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची म्हणजे सासूबाईंच्या भाषेत “नसता उद्योग”. तरी मी तीन फुटी टाकी आणली, आणि त्याच दिवशी दुकानदाराने मीठ, वाळू आणि पाच मासे एकदमच गळ्यात घातले. नवव्या दिवशी पाचही मासे गेले. नणंदेने सांगितलं, बेळगावात अनगोळला आमच्या शेजारी एक मामा आहेत, उद्यमबागच्या फाउंड्रीत पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचे नमुने, करायचे, आता घरी समुद्र पाळतात. मी रडवेल्या आवाजात फोन केला, तर तुम्ही माशांचं विचारलंच नाही. विचारलंत, “पाणी कुठलं घातलीस गे?”

बोअरचं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर 340.

पुढच्या रविवारी तुम्ही स्वतः आलात, मीटर लावलात आणि म्हणालात, “मासे विसर. आधी पाणी कर.” माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. नव्या टाकीत या दोघांपैकी कुणीच नसतं, आणि मासे स्वतःच्याच घाणीत जळतात. हे मला त्या दुकानात कुणी सांगितलं नव्हतं. आरओचं पाणी, त्यापुढे उरलेसुरले क्षार ओढून घेणारं डीआय रेझिन, मग मीटरवर शून्य. जिवाणूंना खायला तुम्ही नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, आणलात, कल्हईवाल्यांचा नव्हे, प्रयोगशाळेला लागतो तो शुद्ध. 170 लिटर पाण्याला जेमतेम एक ग्रॅम. नवसागर घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तरच पुढे जायचं, असं ठरलं.

त्याला सात आठवडे लागले. घरात दिवे लावलेली, पंप फिरणारी, आत काहीही नसलेली टाकी. येणारा प्रत्येक पाहुणा काचेला नाक लावून “मासे कुठं आहेत?” विचारायचा. आमच्या ह्यांनी तिला ‘गंगापूजन’ असं नाव ठेवलं. दर आठवड्याला मी तुम्हाला पाणी तपासायच्या किटमधल्या रंगांचा फोटो पाठवायचे, तुमचं उत्तर दोन शब्दांचं: “अजून नको.”

मामा, तेव्हा मला तुमचा रागही आला होता, ते आज सांगते.

पण त्याच सात आठवड्यांत दगडांचं प्रकरण झालं, आणि या सगळ्या खटाटोपात मला सर्वात जास्त आवडलेलं तेच. एकाने “समुद्रातला जिवंत दगड, वर कोरल लागलेलं” स्वस्तात देतो म्हणून फोटो पाठवला होता. मी हुरळून तो तुम्हाला पुढे धाडला. तेवढ्या एकाच वेळी तुमचा आवाज चढलेला ऐकला. दगडी कोरल (प्रवाळ) आणि समुद्रपंखे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मुरुडेश्वरसमोर नेत्राणी बेटाभोवती अजून कोरल टिकून आहे, ते कुणाच्या हॉलमध्ये यावं म्हणून नव्हे, असंही म्हणालात. मग शांत होऊन विचारलंत, “खानापुरात राहून दगड विकत घेतीस? तुमच्या गावाला मातीची काय वाण आहे?”

आणि आपण कुंभारवाड्यात गेलो. मी लहानपणापासून तिथून माठ आणते, पण मातीत भोकं हवीत म्हणून भांडणारा माणूस त्यांनीही पहिल्यांदाच बघितला असेल. जिवाणू राहतात दगडाच्या छिद्रांत. म्हणून मातीत भट्टीत जळून जाईल असं काहीतरी मिसळायचं. कुंभारमामा म्हणाले भाताचं तूस घालू, इथं ढिगानं आहे. तुम्ही म्हणालात तूस नको, त्याच्या राखेत सिलिका, म्हणजे काचेवर तपकिरी शेवाळाची मेजवानी. सॉ मिलचा भुसा घाला. झिलई अजिबात नको. मग पॅटर्नवाला जागा झाला: कागदावर कमानी आणि गुहा काढल्यात आणि प्रत्येक माप दहावा हिस्सा वाढवून लिहिलंत, कारण “बीड आकसतंय तशी मातीपण भाजल्यावर आकसते की.” त्यांच्याशी कानडीत, माझ्याशी मराठीत, आणि तुटलेल्या कमानीला शिव्या दोन्हींत. अकरा तुकडे निघाले, आठ शाबूत. पंधरा दिवस आरओच्या पाण्यात मुरवले, रोज पाणी बदलून. आज त्यांच्यावर इतकं काही उगवलंय की खालची माती ओळखू येत नाही.

मिठाचं मात्र माझंच चुकलं होतं. टाकीतलं पाणी उडून कमी झालं की मी भरीला मिठाचं पाणी घालत होते. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर 1.030 दाखवू लागला, हवं होतं 1.025. तुम्ही ओरडला नाहीत. विचारलंत, “आमटी आटली की अळणी होते की खारट?” पाणी उडतं, मीठ आतच राहतं, म्हणून भर साध्या आरओ पाण्याची. काचेवर मार्करची रेघ मारून दिलीत, ती अजून आहे. तो नुसत्या पाण्यावर न जुळवता दर हजारी 35 खारटपणाच्या द्रावणावर जुळवायचा, हेही तेव्हाच.

मग एकदाचं “आता येऊ दे” आलं. पहिला मश्रूम, मग ग्रीन स्टार पॉलिप, मग छत्रीसारखं टोडस्टूल. असल्या मऊ, सॉफ्ट कोरलला दगडी सांगाडा नाही, म्हणून कॅल्शियमचे डोस नकोत, पाणी बदललं की भागतं. क्षारता (अल्कलिनिटी) आठ-नऊ dKH च्या घरात आणि पाणी 25-26 अंशांवर राहिलं की बास. कोरलच्या पोटातल्या सूक्ष्म शैवालाला निळसर उजेड मिळाला की बरंचसं जेवण तेच शिजवतं. एवढं सोपं वाटत असताना चौथ्या दिवशी टोडस्टूल मिटलं. काटे आत, वर मेणचट चकाकी, जणू कुणी प्लास्टिक गुंडाळलंय. रात्री अकराला मी फोन केला की मेलं, काढून टाकू का. तुम्ही झोपेतच म्हणालात, “कात टाकूलालंय. हात लावू नको, पंपाचा झोत जरा तिकडं कर.” सहाव्या दिवशी ती साल सुटून वाहून गेली आणि खालून दुप्पट केसाळ छत्री उघडली. तेव्हापासून ते दीड-दोन महिन्यांनी अंग झाडतं आणि मी शांत चहा पिते.

स्टार पॉलिपला तुम्ही ‘हरळी’ म्हणालात ते मी हसण्यावारी नेलं. वेगळ्या दगडावर ठेव म्हणूनही सांगितलं होतंत. आता ती मागच्या काचेवर चढली आहे आणि दर महिन्याला खरवडावी लागते. शेतकऱ्याच्या मुलीला तरी कळायला हवं होतं. झोअँथिडना, म्हणजे फुलांसारख्या दिसणाऱ्या कोरलच्या भाऊबंदांना, मात्र तुमच्या धाकाने हातमोजे आणि चष्म्याशिवाय आजही हात लावत नाही. त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, आणि तसला दगड कधीही उकळायचा नाही, हे मी फ्रीजवर लिहून चिकटवलं आहे.

ऑगस्टमधली ती रात्र तुम्हाला आठवते का, माहीत नाही. पाऊस असा की समोरचं घर दिसेना, लाइट दुपारी चारला गेली, इन्व्हर्टर नऊला झोपला. तुम्ही फोनवर एकेक सांगत होता: टाकीला गोधडी गुंडाळ, खायला घालू नको, मगाने पाणी वर उचलून परत सोड, दर पंधरा मिनिटांनी. आम्ही पाळी लावून पहाटेपर्यंत तेच केलं. आणि सकाळच्या पहिल्या बसच्या कंडक्टरकडे तुम्ही सेलवर चालणारा एअर पंप पाठवलात, पिशवीवर जाड अक्षरात ‘खानापूर स्टँड, मासेवाली बाई’. गावात माझं तेच नाव पडलंय, त्याचं श्रेयही तुमचंच. लाइट सकाळी सहाला आली, पंप सातला. एकही जीव गेला नाही.

दीड वर्ष झालं. बंदिस्त पैदाशीच्या क्लाउनफिशची जोडी आहे. दोघंही नर म्हणून आले होते, त्यातला थोराड झाला तो आता बाई झाला आहे आणि दुसऱ्याला टाकीभर पळवतो. सासूबाई रोज संध्याकाळी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसतात आणि तिच्या बाजूने बोलतात. मला एक निळा टँग मासा घ्यायचा होता. तीन फुटांत त्याला पोहायला जागा नाही, म्हणून त्यावर तुमचं उत्तर अजून तेच आहे, आणि हल्ली मी दुसऱ्यांदा विचारत नाही.

उन्हाळ्यात तुमचं जुनं टोडस्टूल गेलं, हे मला नणंदेकडून कळलं. तुम्ही सांगितलं नाहीत. माझ्याकडच्या टोडस्टूलच्या छत्रीचा तुकडा महिन्यापूर्वी धारदार ब्लेडने कापून, कुंभारमामांच्या फुटक्या कमानीच्या खापरीवर बसवला आहे. आता घट्ट धरलाय, काटेही काढतो. येत्या रविवारी दहाच्या बसने घेऊन येते. तुमच्या टाकीचं तापमान आणि खारटपणा आदल्या रात्री कळवा, म्हणजे डब्यातलं पाणी जुळवून आणीन. आणि मामा, या वेळी “अजून नको” चालणार नाही.

तुमची,
खानापूर स्टँडवरची मासेवाली